शेवटचे नऊ किलोमीटर

आदिनाथनं मैलाच्या दगडावर हात टेकला आणि तो वाकला. दगडावर लिहिलं होतं, मिरजगाव नऊ. पहाटे सावेडीतून निघाल्यापासून त्रेचाळीस किलोमीटर झाले होते आणि पाय अजून ठणठणीत होते. बिघडलं होतं ते छातीत. ओल्या फडक्यात गुंडाळलेली मासोळी तडफडावी तसं आत काहीतरी उसळत होतं.

"पप्पा, काय झालं?"

पुढं गेलेली राजनंदिनी मागं फिरली. ती काल मिरजगावला आजीकडं मुक्कामाला आली होती. आज सकाळी गावातून निघून वाटेत बापाला भेटली होती, आता त्याच्यासोबत परत धावत होती. वीस वर्षांची पोर, पण त्याच्या पावलाला पाऊल देत होती.

"काही नाही. पाणी कमी पडलं असेल."

मनगटावरच्या घड्याळात ठोके एकशे अठ्ठ्याण्णव दिसत होते. मग नव्वद. मग एकशे शहात्तर. त्यानं तळव्यानं घड्याळ झाकलं. शाळेत गणित शिकवणारा माणूस. पण हे आकडे त्याला पुन्हा बघवेनात. पुढच्या महिन्यात बारा तास धावायची स्पर्धा होती. धावायला लागल्यापासूनच्या आठ वर्षांत तो असा कधी रस्त्याकडेला बसला नव्हता. आता बसला. घाम गार पडला. आपण इथंच, या डाळिंबाच्या बागेशेजारी, लेकीच्या डोळ्यांदेखत जाणार, असं त्याला स्पष्ट वाटलं आणि त्यानं गवत मुठीत घट्ट धरलं.

दुधाचे कॅन घेऊन निघालेले गावातले काकासाहेब त्याला पाहून थांबले. पिकअपमधून उतरून जवळ आले.

"मास्तर, काय हुतंय?"

"थोडं धडधडतंय. पाच मिनिटांत थांबेल, काका."

"आवो, व्हट निळं पडल्यात तुमचं! पोरी, धर त्या अंगानं."

मिरजगावच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्याला कॉटवर झोपवून छातीला वायरी लावल्या. मशीनमधून निघालेली पट्टी बोटांवर घेऊन त्या वाचू लागल्या.

"ठोके बेताल पडतायत, सर. याआधी झालं होतं?"

त्यानं लेकीकडं पाहिलं, मग छताकडं.

"तीन-चार वेळा. पण धावत राहिलो की थांबायचं."

"धावणं वाईट नाही. पण वर्षानुवर्षं इतके तास, शरीराला उसंत नाही. एखाद्याच्या हृदयाचे कप्पे ताणून मोठे होतात, मग ताल सुटतो. त्यातून रक्ताची गुठळीही होऊ शकते. ती स्पर्धा आता विसरा. आजच नगरला जाऊन पुढच्या तपासण्या करून घ्या." त्यांनी पेन उचललं. "घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"नाही."

"मला होतो," दाराशी उभी राजनंदिनी म्हणाली.

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. धावताना धडधडतं, मग डोळ्यांपुढं अंधार येतो. एकदा पडले पण. पप्पांना सांगितलं, पाय मुरगळला."

आदिनाथला तो दिवस आठवला. कर्जतच्या रस्त्यावर ती मातीत बसली होती, चेहरा पांढराफटक. त्यानं पाण्याची बाटली दिली होती आणि म्हणाला होता, ऊठ, चारच किलोमीटर राहिलेत. ती उठली होती. ते चार किलोमीटर तो पुढं धावत होता, हातातल्या घड्याळात तिची वेळ मोजत.

तो कॉटवरून खाली उतरू लागला.

"सर, झोपून राहा. हिच्यासाठी शेजारी दुसरी कॉट आहे."

त्यानं ऐकलं नाही. लेकीच्या पायाशी बसून तो तिच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला. गाठ साधी होती, पण त्यानं ती उलटी ओढून आणखी घट्ट केली.

"पप्पा, मी सोडते ना."

"सांगायचं नाही का गं?"

तिनं बूट काढले आणि ती दुसऱ्या कॉटवर आडवी झाली.

मशीन पुन्हा सुरू झालं. त्यानं पट्टीकडं पाहिलं नाही, डॉक्टरबाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्यांनी पट्टी खिडकीच्या उजेडात नेली, वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"मी रुग्णवाहिका बोलावते. दोघंही जा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण तिथं आधी हिला दाखवा."

"गाडी बाहेरच येईल ना? मी चालते की तिथपर्यंत," म्हणत राजनंदिनीनं बुटांकडं हात नेला.

आदिनाथनं ते उचलले आणि आपल्या पाठीमागं धरले.