अर्धा तास बसायचा बाक

"डॉक्टर, लस टोचल्यावर माणूस मरतो का हो?"

लस घ्यायला आलेल्या शाळकरी प्रमोदिनीने मैत्रिणींनी पैज लावली म्हणून हे विचारले, तेही माझ्यावर बसून. मित्रांनो, मी शिवाजी पेठेतल्या दवाखान्याचा जुना सागवानी बाक आहे. मला घडवल्यावर सुतार म्हणाला होता, "दोन पैलवान बसले तरी हलणार न्हाई." माझे कौतुक झाले ते तेवढेच. टोचून घेतलेल्यांनी माझ्यावर अर्धा तास बसावे, असा नियम आहे. पण बसतो कोण?

डॉक्टर हसले नाहीत. "फार क्वचित. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला, तर लगेच मला हाक मार. औषध आहे, पण वेळेवर कळायला हवं."

जोतिबाची यात्रा तोंडावर होती, म्हणून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस टोचणे चालू होते. तालमीतला हंबीरराव टोचून घेऊन माझ्यावर बसला आणि अंग खाजवू लागला.

"पैलवान, सुईला भ्यालास व्हय रं?" त्याचा दोस्त गुंडू म्हणाला.

"भितोय कोन? पित्त उठलंय."

"मग चल की घरला. आमसुलाचं पानी लावू."

आपल्याकडे गांधी उठल्या की आमसूल, दुसरा विचारच नाही. पण माझ्या कडेवरचा त्याचा तळवा गार पडत होता. श्वासाची शिट्टी वाजत होती. मला सगळे कळत होते हो, पण लाकडाने हाक कशी मारायची? पाय चार, पण एकही उचलत नाही.

हंबीरराव उठला आणि दारातच कोसळला. मिरगी समजून गुंडूने त्याच्या नाकाला पायताण लावले.

"पायताण नको, ओठ बघा त्याचे," प्रमोदिनी ओरडली. "डॉक्टर!"

त्याला माझ्यावर आडवे केले, पायांखाली उशी दिली. डॉक्टरांनी अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन दिले. मग कुणाच्याच हातात काही उरले नाही. गुंडू भिंतीला टेकून रडत होता. मी नुसता वजन तोलत होतो. शिट्टी थांबली. श्वासही थांबला की काय, मला कळेना.

"पानी," हंबीरराव पुटपुटला.

डॉक्टरांनी त्याला आतल्या खाटेवर हलवले आणि रात्रभर घरी सोडले नाही.

मित्रांनो, माझ्यावर बसा. घाई करू नका. मला ओरडता येत नाही.

बातमी ऐकून प्रमोदिनीचे आईवडील धावत आले. "चल घरी," माई म्हणाली. "नको आपल्याला ती लस."

प्रमोदिनी येऊन माझ्यावर बसली आणि तिने माझी कड घट्ट धरली.

"अण्णा, माई, मी टोचून घेणार. आणि अर्धा तास इथून उठणार नाही. तुम्ही दोघं शेजारी बसा, आणि माझ्या ओठांकडे बघत राहा."