घरातले बूट

उभं राहिलं की माझ्या लेकीचे, हिल्लाचे गुडघे उलटे मागे वाकत. म्हणून तिच्या पोटऱ्यांना आधाराला प्लास्टिकचे ब्रेस होते आणि बुटात टाचेखाली उंचवटा दिला होता. तरी तीन महिन्यांत काडीचा फरक नाही. मी व्यायाम शिकवणाऱ्या मार्केटाबाईंवर चिडलोच.

"घरी बूट असतात ना तिच्या पायात?" त्यांनी विचारलं.

"घरात बूट? आपल्या ओउलू शहरात कोण घालतं?"

"मग उंचवटा राहिला दाराशी! घरभर नुसत्या ब्रेसवर फिरते, गुडघे मागे जाणारच. मीही इथलीच, मलाही विचारायचं सुचलं नाही बघा."

येताना कोरे बूट घेतले, टाचेखाली तसाच उंचवटा बसवून, फक्त घरात घालायला. हिल्लाला ते चढवून उभं केलं. गुडघे सरळ! मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो. सहा वर्षांची पोरगी गुपचूप दाराशी जाऊन उभी राहिली.

"अगं, आत ये. घरातच घालायचेत ते."

"घरात बूट घालून आई उभी होती," ती म्हणाली. "मग गेली. मला कुठे पाठवतोयस, बाबा?"

"कुठे नाही गं, वेडाबाई."

तिला एकटं वाटू नये म्हणून मीही माझे बूट चढवले आणि आम्ही दोघं तसेच जेवायला बसलो. बटाटे अळणी होते. मी मीठ आणायला उठलो, तर माझ्या बुटांकडे बघत, हातातला काटा टाकून तीही उठली.