पाण्यात धुतलेला कोट

दोघी जावा मिळून ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवायच्या. थोरली पुढे गिऱ्हाइकांशी बोलायची, धाकटी मागच्या खोलीत मशिन सांभाळायची. दुकानात शिरताच गोडसर, डोक्यात चढणारा वास यायचा. थोरली अभिमानानं म्हणायची, "काम चोख चाललंय, त्याचा हा वास!"

धाकटीचं डोकं मात्र दुपार झाली की ठणकायला लागायचं. चष्मा करून झाला, चहा सोडून झाला, थोरलीच्या सांगण्यावरून उशीसुद्धा बदलून झाली. गुण काही येईना.

एके सकाळी प्रदूषण नियंत्रण खात्याच्या तपासनीस बाई आल्या. थोरली घाईघाईनं परवान्याचे कागद शोधायला लागली. बाईंनी मागे जाऊन मशिनच्या दाराजवळ हवा तपासायचं यंत्र धरलं, तर ते किंचाळायलाच लागलं.

"मशिन बंद करा आणि आधी दोघी बाहेर चला."

फुटपाथवर थोरलीचा धीर सुटला. "टाळं ठोकणार ना? ठोका एकदाचं!"

"टाळं कशाला? दाराचं रबर कुजलंय, त्यातून कपडे साफ करायच्या रसायनाची वाफ खोलीत येतेय. ते बदलेपर्यंत मशिन बंद ठेवावंच लागेल." मग त्या धाकटीकडे वळल्या. "तुम्हाला डोकेदुखी, चक्कर असं काही होतं?"

"छे हो," थोरली म्हणाली.

"रोज," धाकटी म्हणाली.

थोरलीला कुणी कानशिलात लगावल्यासारखं झालं. ज्या वासाची ती फुशारकी मारत होती, तोच घरच्या माणसाला पोखरत होता.

बाई तेवढं सांगून थांबल्या नाहीत. खात्याची एक योजना होती: प्रदूषण झाल्यावर दंड करत बसण्यापेक्षा ते होऊच नये म्हणून मदत करायची. पाण्यावर आणि सौम्य साबणावर चालणारं मशिन दुकानात वापरून बघायला मिळणार होतं, शिकवायला माणूसही येणार होता.

"लोकरीचा कोट पाण्यात?" थोरली उसळली. "मग तो बाहुलीलाच घालावा लागेल!"

तरी मशिन आल्यावर तिनं नवऱ्याचा लग्नातला कोट आणला. आटला तर घरचाच आटू दे, गिऱ्हाइकाचा नको. कोट धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन आला. नवऱ्यानं अंगात चढवला. बटण लागेना.

"बघ, आटला!"

थोरलीनं बाह्या ताणून पाहिल्या, खांदे चाचपले, लांबी मापली. "कोट आहे तेवढाच आहे हो. तुम्ही वाढलात!"

महिनाभरात जुनं मशिन गेलं. एका दुपारी मागून गुणगुणणं ऐकू आलं. इतक्या वर्षांत धाकटी दुपारी कधी गायली नव्हती. थोरली हातातला शर्ट तसाच धरून ऐकत राहिली. गिऱ्हाईक समोर उभं होतं, तरी डोळे पुसायचं भान तिला राहिलं नाही.

बाई पुन्हा तपासणीला आल्या तेव्हा थोरलीनं त्यांच्यासाठी एक शाल काढून ठेवली होती. त्यांनी हात जोडले. "नोकरीत आम्हाला काही घेता येत नाही, ताई."

"मग तुमचे उपकार फेडायचे तरी कसे? माझी जाऊ मला परत मिळालीय."

"नाक्यावरच्या लाँड्रीवाल्यांना तुमचं मशिन दाखवाल? मी सांगितलं की त्यांना धमकी वाटते."

नाक्यावरचा लाँड्रीवाला म्हणजे थोरलीचा जुना वैरी. गिऱ्हाइकं पळवण्यावरून दोघांत विस्तव जात नव्हता. पण त्याच संध्याकाळी ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. आतून तोच गोडसर वास आला.

"भांडायला आलात?" त्यानं विचारलं.

"न्यायला आलेय. वहिनींनाही घ्या बरोबर. मशिन बघायच्या आधी माझ्या जावेचं ऐका."

तो घुटमळला. पण त्याची बायको कपाळ दाबत बाहेर आली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चला, मी येते."