साहेबांच्या गळ्यातली वीणा

पुण्याला थेट परदेशी विमान हवं होतं. आधी मुंबई गाठा, तिथे कुणाकडे तरी रात्र काढा आणि मग विमान धरा, या कटकटीला तिथली व्यापारी मंडळी विटली होती. दोन वर्षं अर्जविनंत्या केल्यावर एका जर्मन विमान कंपनीचे साहेब कसेबसे पुणं बघायला राजी झाले. त्यांना मुंबईहून आणायला व्यापारी मंडळाचे चिटणीस गेले आणि गाडीवर ड्रायव्हर येसाजी.

दुपारी पुण्यात स्वागत, जेवण, मग लोहगावची धावपट्टी. तिथे साहेबांचं मन बसलं नाही, तर संध्याकाळी ते हैदराबादला निघणार. तिकडचेही लोक टपलेलेच होते.

"उशीर केलास तर गाडीची चावी टेबलावर ठेवायची," मंडळाच्या अध्यक्षांनी येसाजीला बजावलं होतं.

चावी म्हणजे नोकरी. नवी नोकरी. त्याआधी येसाजी रात्री-अपरात्री घाटातून ट्रक हाकायचा आणि त्याची बायको चिंधी देवापुढचा दिवा विझू न देता जागायची. आता नवरा दिवेलागणीला घरी येतो म्हणून ती सुखावली होती. ते सुख जपायचं होतं.

पनवेल मागे पडलं तसे चिटणीस मागच्या सीटवरून पुढे वाकले आणि मराठीत कुरकुरले, "येसाजी, माणूस लई अवघड आहे. म्हणतो, पहिलं विमान भरेल, हारतुरे होतील. पुढच्या आठवड्यात कोण बसेल? आणि त्याच्या पुढच्या? मी आकडे दाखवतोय, हा खिडकीबाहेर बघतोय."

येसाजी हूं म्हणाला. पण त्याचं ध्यान रस्त्याच्या कडेच्या पताकांकडे होतं. चौक नावाचं गाव आलं होतं. त्याचं गाव. मारुतीच्या मंडपात अखंड हरिनामाचा सप्ताह चालला होता. दर वर्षी तो तिथे वीणेचा पहारा द्यायचा. यंदा नोकरीमुळे हुकला होता. टाळ ऐकू आले आणि त्याला राहवेना.

"साहेब, इंजन तापलंय. पाणी घालतो, तवर दर्शन घेतो."

इंजन काही तापलं नव्हतं. मारुतीरायाने ती थाप पोटात घातली असावी, पण फुकट नाही.

गोऱ्या साहेबांनाही पाय मोकळे करायचे होते. ते येसाजीमागोमाग आले, बूट काढून मोज्यांनिशी मंडपात शिरले. दाराशी बुक्क्याची वाटी घेऊन बसलेल्या येसूबाईने सगळ्यांना लावते तसा त्यांच्याही कपाळी बुक्का लावला. मधोमध चांगोबुवा वीणा गळ्यात घेऊन उभे होते. म्हातारा माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू. पुढचा पहारा गजाचा. तो कधीच यायला हवा होता आणि बुवांचे गुडघे भरून आले होते.

आता वीणेचा नेम असा, की सात दिवस ती जमिनीला टेकत नाही. पुढचा पहारेकरी येतो, वीणेकऱ्याच्या पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. मगच पहिला सुटतो.

साहेबांना हे कुठून ठाऊक? इकडे वडीलधाऱ्यांपुढे वाकतात एवढं त्यांना मुंबईत कुणीतरी शिकवलं होतं. ते वाकले. बुवांना दिसला तो पांढरा सदरा आणि कपाळीचा बुक्का.

"आलास का रं गजा!" म्हणत बुवांनी वीणा साहेबांच्या गळ्यात घातली, चिपळ्या हातात दिल्या, त्यांच्या पायांना हात लावला आणि लगबगीने मागच्या दाराने निघूनही गेले.

टाळकऱ्यांचे डोळे विस्फारले, पण टाळ कुणाचाच थांबला नाही. राम कृष्ण हरी चालूच.

येसाजी पुढे झाला. वीणा आपणच घ्यावी म्हणून तो साहेबांच्या पाया पडला. साहेबांनी त्याला खांद्याला धरून उठवलं आणि उलट स्वतःच वाकले. वीणा लोंबकळली. "अगं बाई, टेकली, टेकली!" येसूबाई ओरडली. टेकली नव्हती, बोटभर राहिली होती. येसाजी पुन्हा वाकला, साहेब पुन्हा वाकले.

चिटणीस हॉर्न वाजवून थकले आणि आत आले. "हे काय आरंभलंय? काढ ते आणि ठेव खाली!"

"खाली?" येसूबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो पाव्हनं, सात दिसांचा नेम हाय आमचा. आनि तुमी जोडे घालून आलाव मंडपात?"

चिटणीस मुकाट्याने जोडे काढायला बाहेर गेले. येसाजीने डोळे मिटले. वीणा टेकवली तर गावाचा नेम मोडतो. नाही टेकवली, किंवा आपण गळ्यात घेतली, तर गाडी अडते आणि चावी जाते. मग तो उठला आणि धावत सुटला.

गजा आपल्या मालकाच्या, बद्रुद्दीनच्या गॅरेजात ट्रकखाली पडून काम करत होता, कोपरापर्यंत काळा.

"गजा, मेल्या! वीणा गोऱ्या साहेबाच्या गळ्यात हाय!"

"आं? बुवा कुठं गेलं?"

बद्रुद्दीनने त्याला पायाला धरून बाहेर ओढला. "तुला मगाशीच म्हटलं व्हतं ना रं, जा म्हणून? ट्रक मी बघतो." त्याने स्वतःच रॉकेलच्या बोळ्याने गजाचे हात खसाखसा पुसले, साबण दिला, वर आपला धुतलेला सदरा अंगावर टाकला. "पळ."

दोघे मंडपात पोचले तेव्हा साहेब डोळे मिटून डुलत होते. चिपळ्या थोड्या चुकत होत्या. टाळकरी त्यांना सांभाळून घेत होते. अनवाणी चिटणीस एका खांबाला टेकले होते आणि त्यांची मान नकळत हलत होती. या वेळी येसाजीने साहेबांचे खांदे हलकेच धरून ठेवले. गजा पाया पडला, वीणा घेतली. साहेबांनी रिकाम्या गळ्याला हात लावून पाहिलं.

गाडी खोपोलीला पोचेपर्यंत येसाजीने वीणेचा नेम सांगितला आणि चिटणिसांनी तो साहेबांना समजावला. मग साहेबांनी विचारलं, चिटणिसांनी मराठीत सांगितलं.

"विचारतायत, रात्रीसुद्धा कुणीतरी उभं असतं?"

"रात्रीसुदीक."

"दर वर्षी?"

"माझ्या आज्याच्याही आधीपासून, साहेब. मानूस कमी नाय पडत."

साहेब बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. चिटणिसांनी रुमाल काढून तोंड पुसलं.

"काय म्हनतात, साहेब?" येसाजीने आरशातून मागे बघत विचारलं.

"म्हणतायत, हैदराबादचं तिकीट उद्यावर ढकला. आपल्या लोकांशी रात्री निवांत बोलायचंय. एक माणूस सुटायच्या आत दुसरा पाया पडायला हजर असतो, त्या मुलखात विमान रिकामं जाईल असं आता त्यांना वाटत नाही. विमान देतो म्हणाले नाहीत हां. बोलू म्हणाले. दोन वर्षांत हे पहिल्यांदा." चिटणीस एकदम हसायला लागले. "आणि अध्यक्षांना मी सांगतो, टायर पंक्चर झालं होतं."

"नगं साहेब. आज एकच थाप मारली, तर देवानं केवढं नाचवलं."

"मग खरं सांगतो. साहेबांनी पहारा दिला. तुझी चावी तुझ्याकडेच राहील, मी आहे ना."

येसाजीला वाटलं, छातीवरून कुणीतरी ट्रक मागे घेतला. दिवेलागणीला चिंधी दार उघडील तेव्हा तिला हे सांगायचं, आणि तिने हसून हसून पदर तोंडाला लावायचा.

घाटात शिंग्रोबाचं देऊळ आलं. ड्रायव्हर लोक तिथे हात जोडूनच पुढे जातात. येसाजीने आधीच झालेला उशीर आठवून पाय ॲक्सिलरेटरवरच ठेवला.

"अरे थांबव की," मागून चिटणीस म्हणाले. "मारुतीपाशी एवढं थांबलो, शिंग्रोबाने काय घोडं मारलंय?"

येसाजीने ब्रेक लावला. साहेब मात्र दोघांच्याही आधी खाली उतरून बूट काढत होते.