बूच लावाल तर याद राखा!

मी हवेचा पाइप बोलतोय. गच्चीवर उन्हाने पाणी तापवणारी टाकी आहे ना, तिच्या डोक्यातून सरळ वर गेलेला, शेंड्याला मान वाकवलेला आणि तोंड उघडं टाकलेला, तोच मी. दिसायला ओंगळ आहे, ठाऊक आहे मला. सगळ्या इमारतीचं ते माझ्या तोंडावर सांगून झालंय. सांगोत बापडे!

एका लांब पाइपातून करवतीने मला कापलं. माझे भाऊबंद भिंतीत गेले, कुणी नळाला, कुणी शॉवरला. त्यांचे लाड होतात, त्यांना पुसतात. माझं काम कुणाला दिसत नाही. टाकीत पाणी फार तापलं की मी वाफ बाहेर सोडतो, पाणी उपसलं की हवा आत घेतो. मी नसेन तर टाकीचा जीव गुदमरेल.

टाकी सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घराची. घरात आबा, त्यांचा मुलगा आणि सून. मला बसवलं त्या दिवशी फिटरने कमरेला पट्टा बांधला, त्याचा दोर भक्कम खांबाला अडकवला आणि मगच तो कठड्याजवळ गेला. मुलगा म्हणाला, "स्टँड इथे मधेच ठेवा की." फिटर बधला नाही. भरलेल्या टाकीचं वजन नुसत्या स्लॅबवर नको म्हणून त्याने खाली तुळई होती तिथेच स्टँडचे पाय रोवले, बोल्ट आवळले. शेवटी मला उभं केलं, गार पाण्याच्या टाकीपेक्षाही उंच.

"याचं तोंड कधीच बंद करायचं नाही," तो म्हणाला. "चुकून बंद झालं, तर वर यायचं नाही. खाली गरम पाण्याचा नळ सोडायचा."

मुलगा फोनवर होता. त्याने मान हलवली. आबा मात्र शेजारी उभे राहून सगळं ऐकत होते.

आता आबांचं सांगतो. घरात त्यांना कुणी बोलूच देत नव्हतं. डॉक्टर विचारायचे, "आजोबा, झोप लागते का?" उत्तर द्यायचा मुलगा. पाहुणे विचारायचे, "तब्येत काय म्हणते?" पुन्हा मुलगाच. तो वाईट नाही हो, बापावर जीव आहे त्याचा. पण त्या जिवापायी म्हाताऱ्याची पार मुस्कटदाबी झाली होती.

गच्चीवर मात्र आबा मोकळे सुटायचे. दुपारी टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचे, कबुतरांना झापायचे, समोरच्या इमारतीच्या रंगाला नावं ठेवायचे. मला म्हणायचे, "काय बोंबल्या, आज काय म्हणतोस?" असं मला दुसरं कुणी कधी विचारलं नाही.

उन्हाळा आला. गरम पाणी कुणालाच नको झालं आणि टाकी उकळायला लागली. मी वाफ सोडली, तिच्याबरोबर चार थेंब उडाले ते नेमके आबांच्या हातावर. टरारून फोड आला.

मुलगा भडकला. भडकणारच! पण त्याने केलं काय? खुर्ची होती तिथेच ठेवली आणि शिडी लावून माझ्या तोंडात लाकडी बूच ठोकलं. वरून तारही आवळली.

"अरे, तो फिटर म्हणाला होता की..." आबांनी सुरुवात केली.

"आबा, तुम्ही गप्प बसा. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी ऊन रणरणत होतं. खाली नळ बंद. गार पाणी येतं त्या वाटेवर एकेरी झडप, तिथून परत जायची सोय नाही. वाफ सगळी माझ्या नरड्याशी तुंबली. मी काय गुमान बसणारा नव्हे, जीव खाऊन ढकललं. तार करकरली, पण बूच हललं नाही. टाकीच्या पोटात गुरगुर सुरू झाली, जोड थरथरायला लागले. आणि आबांची पाठ टाकीपासून वीतभर! ऊठ म्हाताऱ्या, ऊठ! पण ओरडू कशाने? बापरे, त्या दिवशी मी खरंच घाबरलो.

सून कपडे वाळत घालायला वर आली आणि दारातच थबकली. "आबा, हे काय वाजतंय?"

"मघापासून वाजतंय. सांगू कुणाला?"

तिने बादली टाकली, आबांना दंडाला धरून उठवलं आणि जिन्यापर्यंत ओढत नेलं. तिची हाक ऐकून मुलगा धावत आला, सरळ शिडीकडेच निघाला.

"खबरदार!" आबा कडाडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "वर चढून बूच काढशील तर तोंड भाजून घेशील. खाली चल. गरम पाण्याचा नळ हळूच सोड आणि लांब उभा राहा."

मुलाने पहिल्यांदाच बापाचं ऐकलं. खाली नळ फुसफुसला, खूप वेळ वाफ थुंकत राहिला. वर टाकीची गुरगुर हळूहळू शमली. संध्याकाळी टाकी निवल्यावर फिटर आला, त्याने बूच उपटून फेकलं आणि माझी मान कठड्याकडे वळवली. हुश्श!

"उद्यापासून आबा गच्चीवर येणार नाहीत," मुलगा म्हणाला. "विषय संपला."

"येणार," आबा म्हणाले. "खुर्ची लांब ठेवीन, पण येणार. आणि बोलणार. काल मला गप्प बसवलंस, आज काय झालं असतं?"

मुलाने खुर्ची उचलली, माझ्यापासून दूर, गार पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नेऊन ठेवली आणि स्वतः फरशीवर बसला. "बोला आबा," म्हणाला. अंधार पडेपर्यंत आबा बोलत होते.

मी आहे तिथेच उभा आहे, तोंड उघडं टाकून. ओंगळ म्हणा, बोंबल्या म्हणा, माझं काही जात नाही. तुमच्याही गच्चीवर माझा एखादा भाऊ असेल. थेंब उडाले तर खुर्ची सरकवा, कपड्यांची दोरी सरकवा, फिटरला बोलवा. पण त्याचं तोंड बंद करू नका. त्याच्या सावलीला कुणाचा तरी बाप बसतो.