मोठ्या ताईंची मोठी सायकल

मोठ्या ताई उंचीनं औषधांच्या कपाटातल्या मधल्या फळीएवढ्या. वरच्या फळीवरची बाटली हवी असली की त्या छोटूला हाक मारत. छोटू म्हणजे पिकायला लागलेल्या मिशीचा, दोन मुलींचा बाप. दवाखान्याच्या दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे. त्याचा थोरला भाऊ पूर्वी इथेच मलमपट्टी करायचा, म्हणून मागाहून लागलेला हा छोटू, आणि तो कायमचाच छोटू. ताई मोठ्या झाल्या त्या नव्या नर्समुळे. ती ताई, मग या मोठ्या ताई. इतकं साधं होतं ते. या नावांनी कधी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

बिघडवलं ते सायकलींनी.

ताईंची जुनी लेडीज सायकल हँडलखाली तडकली, तेव्हा व्यवस्थापक साहेबांनी मुख्य कचेरीला फोन लावला. घरोघरी जाऊन पट्ट्या बदलणाऱ्या दोघांना सायकली हव्यात म्हणाले. तिकडे कोठीत दोनच उरल्या होत्या, एक उंच आणि एक बुटकी.

"नावं सांगा," पलीकडचा माणूस म्हणाला, "रंगवूनच पाठवतो."

"एक मोठ्या ताई, आणि एक छोटू."

पलीकडच्या माणसानं या दोघांना जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्यानं मोठ्या ताईंना मोठी लावली, छोटूला छोटी लावली, दांड्यांवर पांढऱ्या रंगात नावं घातली आणि हात झटकले.

सायकली अंगणात उतरल्या तेव्हा ताई आपल्या सायकलीकडे बघतच राहिल्या. सीट त्यांच्या बरगड्यांपर्यंत येत होती. पलीकडे छोटूनं आपल्या सायकलीवर बसून एक चक्कर मारली. त्याचे गुडघे हँडलच्याही वर येत होते. नाकतोडा काडीवर बसावा तसा तो दिसत होता.

"हसू नका हो ताई," तो म्हणाला. "हनुवटीला गुडघा लागतोय माझ्या."

"मी हसत नाहीये," ताई म्हणाल्या, आणि खरंच हसत नव्हत्या. "उतर. आपण बदलून घेऊ."

पण साहेब पायरीवर उभे होते. "अहो, बदलून काय? नावं रंगवलीत. नोंद झालीये. पुढच्या आठवड्यात तपासणीला माणूस येणार आहे, त्याला काय सांगू? आणि तुम्हाला मोठी मिळाली तर तक्रार कसली? लोक मोठी मागतात!"

"साहेब, माझे पाय पुरत नाहीत."

"सीट खाली घ्या. सवय होईल."

ताईंचा आवाज मुळातच हळू. रुग्णाची जखम पुसतानाही त्या वाऱ्याची झुळूक जावी तसं बोलत. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं." पण त्या 'बरं'च्या आत काय होतं ते छोटूला कळलं. तो सायकल भिंतीला लावून आत गेला.

चौकातल्या सायकलवाल्यानं सीट पार तळाला बसवली. "आता याहून खाली नाही जायची. आणि सीट खाली घेऊन काय उपयोग? हा दांडा बघा." सीटपासून हँडलपर्यंत जाणाऱ्या दांड्यावर त्यानं पान्यानं टकटक केलं. "थांबलात की दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, आणि दांडा अंगाला लागायला नको. बुटकी असती तर सीट वर काढून दिली असती. हिचा दांडा मी कुठं नेऊ?"

"माझ्या साहेबांच्या डोक्यावर ने," ताई मनात म्हणाल्या. असा विचार त्यांच्या मनात सहसा येत नसे. आला, आणि त्यांना तो फारसा वाईटही वाटला नाही.

चढावरच्या वस्तीत त्यांचे बरेच रुग्ण होते, पण जीव अडकला होता तो सुतारकाकांमध्ये. काका बिछान्यावर पडून होते आणि पाठीला जखम चिघळली होती. तिची पट्टी रोज बदलावी लागे. एक दिवस चुकला की वास यायचा, आणि काका तोंड भिंतीकडे फिरवून घ्यायचे. घरात एकटी सून. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "ताई, मला ते बघवत नाही. तुम्ही आलात की मी श्वास घेते."

नव्या सायकलीच्या पहिल्या दिवशी ताई चढावर गेल्या त्या सायकल हातात धरून. उतरताना वळणावर एक शेळी आडवी आली. ताईंनी ब्रेक दाबले, पाय खाली टाकला, आणि पाय जमिनीपर्यंत पोहोचलाच नाही. दांड्यावर आपटून त्या कडेच्या खडीत पडल्या. पट्ट्यांची पेटी उघडली, कापूस रस्ताभर झाला. शेळीनं त्यातला थोडा हुंगून पाहिला आणि ती निघून गेली.

घरी मुलीनं कोपर धुऊन दिलं. "आई, चालत जा ना थोडे दिवस."

"चालत गेले तर अर्धे लोक राहतात गं. कुणाला सोडू, सांग?"

"मग साहेबांशी भांड."

"मला भांडता येत नाही."

"येतं. तू फक्त हळू आवाजात भांडतेस, म्हणून लोकांना वाटतं तू विनंती करतेयस."

हे ताईंना लागलं, कोपरापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना आत बोलावलं. कोपराकडे पाहून हळहळले, खुर्ची पुढे केली. मग म्हणाले, "मी विचार केलाय. आता वय झालं तुमचं. तुम्ही आतच बसा, टेबलाशी. चढावरच्या वस्तीतल्या फेऱ्या बंद करू. ज्याला यायचंय तो येईल इथं."

"सुतारकाका कसे येतील?"

"बघतील काहीतरी. सायकल जमत नाही तर काय करणार हो?"

सायकल जमत नाही! ताईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्यांना हातमोजे आठवले. बोटांच्या टोकांशी लोंबणारे, कायम पुरुषी मापाचे. पाठीवरून घसरणारा एप्रन आठवला. पाय लोंबकळत ठेवणारी ही खुर्चीही. इतकी वर्षं जे मिळालं त्यात त्यांनी स्वतःला दुमडून, आखडून, टाचा उंचावून बसवलं होतं. आणि आता ही यांची चूक, आणि वय माझं झालं?

त्या उठल्या. "साहेब, जरा अंगणात येता का?"

आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून साहेब आले. व्यवस्थापक साहेबही उंचीनं ताईंपेक्षा बोटभरच जास्त. खुर्चीत बसलेले असले की ते कुणाच्या ध्यानात येत नसे.

"ही माझी सायकल. बसून दाखवा."

"मी? कशाला उगाच?"

"सवय कशी करायची ते बघते."

व्हरांड्यात बसलेले रुग्ण वळून बघू लागले. आता नाही म्हणणं साहेबांना अवघड झालं. त्यांनी पँट वर ओढली, पायरीवर चढून सायकलीवर टांग टाकली. ताईंनी हँडल धरलं आणि सायकल पायरीपासून दोन पावलं पुढे नेली.

साहेबांचे बूट हवेत चाचपडू लागले.

"अहो, धरा! धरा ना नीट! दांडा... अहो, लागतोय!"

"धरलीये साहेब. सीट अगदी तळाला आहे."

"उतरवा मला!"

"सवय होईल," ताई म्हणाल्या.

व्हरांड्यात कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी हँडल सोडलंही नाही. साहेबांकडे मान वर करून त्या हळूच बोलल्या, पण शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेले. "मला सायकल जमते. तीस वर्षं जमतेय. ही माझ्या मापाची नाही, आणि ते तुम्ही बघितलं नाहीत. वस्ती बंद होणार नाही. छोटूची सायकल मी घेते, माझी त्याला जाते. म्हणा हो."

"हो! हो म्हणतोय ना! छोटू, अरे ये इकडे!"

छोटूनं मान वाकवून दार ओलांडलं, साहेबांना काखेत धरून अलगद खाली ठेवलं, आणि त्याच सायकलीवर टांग टाकली. त्याचे दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले. "बसली की," तो म्हणाला, जणू कुणी त्याला नवा सदरा घातला होता.

साहेबांनी पँटची घडी सारखी केली. "पण नावं पुन्हा रंगवायला माणूस नाही," ते पुटपुटले. तेवढं त्यांनी राखलंच.

सायकलवाल्यानं बुटकीची सीट वर काढली. थोडी लहानच पडत होती, गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता. पण वळणावर थांबल्या तर ताईंचे दोन्ही पाय जमिनीला टेकत होते. चढ त्यांनी उतरून चढला, उतार बसून उतरला.

सुतारकाका पडल्या पडल्याच खिडकीतून बघत होते. "ताई, तुमच्या सायकलीवर छोटू लिहिलंय."

"असू दे."

"म्हणजे तुम्ही आता छोटू ताई?"

"काका, कूस बदला. बोलू नका जास्त."

त्यांनी हातमोजे चढवले. बोटांची टोकं नेहमीसारखी लोंबली, पट्टीच्या चिकट कडेत अडकली. ताईंनी ती सोडवली, जखम पुसली, नवी पट्टी बसवली. मग हातमोजे काढून फेकायच्या डब्यात टाकताना त्या थांबल्या. पाकिटातून न वापरलेली एक जोडी त्यांनी वेगळी काढली आणि पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवली.

"हे कुणासाठी?" सुनेनं विचारलं.

"साहेबांसाठी," ताई म्हणाल्या. "उद्या त्यांना घालून बघायला सांगणार आहे."