बांगडी घातलेला हात

मी चांदीचा हात बोलतोय. वीतभर दांडी, टोकाला इवलीशी मूठ आणि तिच्यातून पुढे आलेलं एकच बोट. पनवेलच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, बेने इस्राएल मंडळींचं शास्त्र चामड्याच्या गुंडाळीवर लिहिलेलं आहे. त्या अक्षरांना माणसाने हात लावायचा नसतो, म्हणून वाचणारा माझ्या बोटाने ओळ धरतो.

मला घडवलं इथल्याच एका सोनाराने. असला हात त्याने कधी पाहिला नव्हता. मनगट मोकळं दिसतंय म्हणून बिचाऱ्याने हौसेने त्यावर बांगडी कोरली! मंडळींनी कपाळाला हात लावला. पण सोनार दुखावेल म्हणून कुणी ती घासून काढली नाही.

चाळीस वर्षं मला सॉलोमनकाकांनी धरलं. आवाज खणखणीत, स्वभाव तापट; वाचताना कुणी खोकलं तरी डोळे वटारायचे. त्यांच्या पत्नी दिनाकाकू वरच्या सज्जात बायकांमध्ये बसायच्या. वाचन संपलं की खाली येऊन म्हणायच्या, "अहो, बांगडी आहे म्हणजे हात माझाच. मी दाखवते तेवढंच वाचत जा. पुढच्या ओळीची घाई तुम्हाला फार." काका हसायचे. हा माणूस इतकं गोड हसतो, हे मी फक्त तेव्हाच पाहिलं.

गेल्या उन्हाळ्यात दिनाकाकू गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. काकांनी वाचन सोडलं. मी कपाटात काळवंडत पडलो. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग वर्षाचं वाचन पुरं करायचा सण आला. त्या दिवशी शेवटचा भाग वाचला की थांबत नाहीत. त्याच बैठकीत पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करतात. दहा पुरुष जमल्याशिवाय वाचन होत नाही. ठाण्याहून, पेणहून माणसं बोलावून कसेबसे दहा झाले, पण वाचता येणारे एकटे काकाच. भिडेखातर ते आले.

शेवटचा भाग त्यांनी कोरड्या आवाजात वाचला आणि मला खाली ठेवलं.

"पुरे आता. चार महिने मनातल्या मनात सगळं शास्त्र धुंडाळलं. दिनाला का नेलं, ते यात कुठेच लिहिलेलं नाही."

खांदा कॉलनीहून आलेला त्यांचा मुलगा ओरेन पुढे झाला. त्याने मला उचलून, शेजारी आरंभाशी उघडलेल्या दुसऱ्या गुंडाळीतल्या पहिल्या शब्दावर ठेवलं.

"पप्पा, मला तर वाचताही येत नाही. पण ही मम्मीची बांगडी ना? ती दाखवतेय तेवढंच वाचा. आज एकच शब्द."

काकांनी बांगडीवरून अंगठा फिरवला. डोळे भरून आले होते. त्यांनी एक शब्द वाचला, थांबले, मग दुसरा वाचला. त्यांचं उत्तर त्यांना मिळालं नव्हतं, हे मला प्रत्येक शब्दावर अडणाऱ्या त्यांच्या हातातून कळत होतं. तरी ते वाचत राहिले.

मी निरक्षर आहे. माझ्या बोटाखाली काय लिहिलंय आणि पुढे काय येणार, हे मला कधीच कळलं नाही. पण लिहिणाऱ्याने ओळ अर्ध्यावर सोडलेली मी अजून पाहिलेली नाही. तेवढ्या भरवशावर मी सरकत असतो.

काका आता थकलेत. ओरेन त्यांच्याकडे शिकायला बसतो, अडखळतो आणि बोलणी खातो. उद्या मी त्याच्या हातात जाईन, परवा आणखी कुणाच्या. तुम्ही मला उजळा किंवा काळा राहू द्या, चालेल. फक्त ती बांगडी घासून काढू नका.